घसारा

आमच्या सांगलीच्या वाड्यात मागच्या अंगाला एक जुना गोठा आहे आणि त्या गोठ्यात त्रेचाळीस वर्षे एक डुक्कर होते. गैरसमज नको. हे डुक्कर चार पायांचे नव्हे, चार चाकांचे. १९५४ सालापासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली, तिच्या गोलमटोल पाठीकडे बघून कोणा रसिकाने तिला 'डुक्कर फियाट' म्हटले आणि ते नाव कंपनीने दिलेल्या नावापेक्षा जास्त टिकले. पुढची दारे उलटी उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला, आणि पुढे एकसंध बाकडे. आमची गाडी १९५६ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८१ साली जयसिंगपूरच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून अकरा हजार रुपयांना घेतली. अण्णा माध्यमिक शाळेत मास्तर. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून पंचवीस वर्षांची गाडी घेणारा मास्तर त्या वेळी गावभागात दुसरा नसावा. आत्ताही नसेल.

गाडी घरी आली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिच्यातून आम्ही दर महिन्याला नरसोबाच्या वाडीला जायचो. 'जायचो' हे क्रियापद जरा सैल आहे. निघायचो, एवढे खात्रीने सांगता येईल. पण मला सगळ्यात जास्त आठवते ते तिचे डावीकडचे दार. ते कधीच सरळ लागत नसे. "दार जरा वर उचलायचं आणि मग ओढायचं. आपटायचं नाही. गाडी आहे ती, कपाट नव्हे," हे वाक्य अण्णांनी प्रत्येक पाहुण्याला ऐकवले. आमच्या घरात मुलगी बघायला... चुकलो, मला बघायला आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही ते ऐकावे लागले. त्यांनी दार आपटले होते. लग्न तरीही झाले.

१९९९ साली अण्णा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा, ताई आणि मी असे तिघे बसलो आणि गाडी विकायची नाही असे पाच मिनिटांत ठरले. ज्या गोष्टीला खर्च येत नाही तिच्यावर आमच्या घरात चटकन एकमत होते. गाडीवर ताडपत्री टाकली. दर दसऱ्याला ताडपत्री बाजूला सारायची, बॉनेटवर स्वस्तिक काढायचे, झेंडूची माळ घालायची, हात जोडायचे आणि ताडपत्री परत ओढायची. वीस दसरे आम्ही हा कार्यक्रम चुकवला नाही. वीस वर्षांत तिच्या चाकात हवा कोणी भरली नाही, ही गोष्ट वेगळी.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. आम्ही आईला घेऊन विश्रामबागेत मेहुण्याकडे जाऊन राहिलो. जाताना काय काय घ्यावे यावर जी घाई झाली तीत घराची कागदपत्रे, देवांचा डबा, आईची औषधे आणि सौ.च्या हुकमाने लोणच्याच्या दोन बरण्या एवढे निघाले. गाडी कशी नेणार? पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा गोठ्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या दीड हात वर गाळाची रेघ होती आणि खाली गाडीच्या आकाराचा चिखलाचा ढीग होता. गल्लीतल्या पोरांनी दोर बांधून तो ढीग ओढून अंगणात काढला. पाइप लावून धुतला तेव्हा आतून डुक्कर निघाले. मागच्या सीटवर एक मेलेला मासा होता. पंचनाम्याला माणूस आला त्याला मी स्वतः सांगितले, "महापुरात बुडून निकामी." त्याने तसे लिहून घेतले. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे ते फार जड जाणार आहे.

आता या गाडीचे करायचे काय, हा प्रश्न पाच वर्षे आमच्या घरात राहायला होता. पुण्याचा दादा म्हणाला, पूर्ववत करायची, म्हणजे त्याच्या मुलीच्या लग्नात फुलांनी सजवून वरात काढता येईल. त्याने एका गॅरेजवाल्याला फोटो पाठवून अंदाजही मागवला. साडेसहा लाख. "आपण तिघं मिळून करू," असे तो म्हणाला आणि त्यानंतर बरेच महिने त्याचा फोन क्षेत्राबाहेर राहिला. ताईचे म्हणणे, काहीही करा, भंगारात देऊ नका, अण्णांचा जीव होता तिच्यात. ताई बडोद्याला असते. भंगारवाला अठरा हजार म्हणाला आणि मी जरा थांबताच वीस म्हणाला. सौ. काहीच म्हणाली नाही, फक्त त्या जागेत दोन स्कूटरी आणि पापडांचे वाळवण कसे बसेल ते टेप लावून मोजून ठेवले.

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. भावना अनावर झाल्या की मी हिशेब मांडतो. मोटारीला दरसाल पंधरा टक्के घसारा, तोही घटत्या शिलकेवर. अकरा हजारांची गाडी, त्रेचाळीस वर्षे. उत्तर आले दहा रुपये पंधरा पैसे. घटत्या शिलकेच्या पद्धतीत एक गंमत असते, ती कॉलेजात शिकवली होती पण कळली नव्हती. किंमत दरवर्षी कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. पाचशे वर्षांनीसुद्धा काहीतरी उरतेच. मला वाटते हिंदुस्थानातल्या सगळ्या माळ्यांवरच्या अडगळीचे तत्त्वज्ञान या एका पद्धतीत आहे.

आमच्या शाखेतले रोखपाल तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेले आहेत. नोटा मोजता मोजता ते मोठमोठ्या गोष्टी बोलतात आणि तरी त्यांची रोकड जुळते. त्यांनी मला थिसिअसचे जहाज सांगितले. अथेन्सच्या लोकांनी या वीराचे जहाज जपून ठेवले होते. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. होता होता सगळ्या फळ्या बदलल्या. आता जहाज तेच का? यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने आणखी काडी घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गुपचूप जमवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज जोडले, तर खरे कुठले? मी म्हणालो, "साहेब, पहिलं जहाज दादाचं, साडेसहा लाखांचं. दुसरं भंगारवाल्याचं, वीस हजारांचं."

"आणि तुमचं?"

"माझं चिखलात."

असल्या कोड्यांनी आपण तसे बिचकत नाही. पुरीच्या जगन्नाथाचे लाकडी देह ठरावीक वर्षांनी नवे होतात. १९९६ साली झाले, २०१५ साली झाले. आतले ब्रह्मतत्त्व जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत नेतात, जुन्या देहाला रीतसर निरोप देतात, आणि देव तोच राहतो. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो, भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन होते. दोन्ही शास्त्रसंमत. अडचण एवढीच, की आमची गाडी देऊळ धरायची की मूर्ती, हे सांगणारे शास्त्र नाही. सरकारने मात्र सोडवणूक केली आहे. जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात सांभाळलेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली गाडी 'विंटेज'. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे ग्रीकांना न सुटलेले कोडे आमच्या खात्याने तीन वस्तूंत सोडवले. मला या नियमाबद्दल आदर आहे. पण आमचा सांगाडा बदलल्याशिवाय गाडी उभी राहत नव्हती आणि बदलला तर ती मूळ राहत नव्हती.

मग माझ्या चिरंजीवांनी मोबाईलवर दोन गाड्या दाखवल्या आणि मी त्या दोन गाड्यांत कित्येक रात्री अडकून पडलो.

पहिली बुगाटी, १९२५ सालची. कोणीतरी ती स्वित्झर्लंडमध्ये माज्जोरे सरोवराकाठी अस्कोना गावात सोडून गेला, आयात कर न भरता. कर न भरलेला माल नष्ट करावा, असा नियम. कस्टमच्या माणसांनी काय करावे? १९३६ च्या सुमारास ती सरोवरात सोडली, पण साखळी बांधून, म्हणजे पुढे मागे वरून वेगळा आदेश आला तर ओढून काढता यावी! हा माणूस मला पाहताक्षणी आवडला. नियम पाळला आणि निर्णय टाळला. आमच्या बँकेत असता तर मॅनेजर होऊन निवृत्त झाला असता. पुढे साखळी गंजून तुटली आणि गाडी पन्नासहून जास्त मीटर खाली तळाला गेली. १९६७ साली एका पाणबुड्याला ती दिसली आणि २००९ च्या जुलैत गावच्या पाणबुड्यांच्या मंडळाने ती वर काढली. ती का काढली हे वाचून मात्र माझी थट्टा बंद झाली. त्यांच्यातल्या एका घरचा तरुण मुलगा मारहाणीत गेला होता आणि त्याच्या नावाने काढलेल्या संस्थेला पैसा हवा होता. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात तो सांगाडा २,६०,५०० युरोंना गेला. घेणारे पीटर म्युलिन हे अमेरिकेतले मोठे संग्राहक. त्यांनी काय दुरुस्ती करावी? काही नाही. जशी आली तशी, गंजासकट, भोकांसकट, कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात दिव्यांच्या प्रकाशात ठेवली. पुढे २०२३ साली म्युलिन वारले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ते संग्रहालयही बंद झाले. कायमचे ठेवणे म्हणतात ते इतपत कायमचे असते.

हे वाचून मला एकदम बरे वाटले. काहीही न करणे याला युरोपात एवढा मान आहे, हे मला माहीत नव्हते. मी पाच वर्षे आळस करतो आहे असे सौ.ला वाटत होते, प्रत्यक्षात मी संवर्धन करत होतो! मी दादाला तसे कळवलेही.

दुसरी गाडी प्लिमथ बेल्व्हेडिअर. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याला १९५७ साली पन्नास वर्षे झाली, तेव्हा टल्सा शहराच्या लोकांनी सोनेरी-पांढरी, कोरी करकरीत गाडी कोर्टाच्या आवारात काँक्रीटच्या पेटीत पुरली. पेटी अशी, की अणुबॉम्ब पडला तरी आत काही होणार नाही. २००७ साली पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून पेट्रोलही पुरले. बिअर पुरली. बाईच्या पर्समध्ये असतात त्या आकडे-लिपस्टिकसारख्या चिजा ठेवल्या. शिवाय एक स्पर्धा. २००७ साली टल्साची लोकसंख्या किती असेल, याचा सगळ्यांत जवळचा अंदाज करणाऱ्याला ही गाडी, आणि वर शंभर डॉलरचे बचत खाते. १५ जून २००७ ला हजारो लोकांसमोर पेटी उघडली. अणुबॉम्ब पडला नव्हता, पण पाणी शिरले होते. गाडी म्हणजे तांबड्या गंजाचा लगदा. स्पर्धा जिंकलेला माणूस १९७९ सालीच वारला होता, म्हणून गाडी त्याच्या बहिणींकडे आली. एका गृहस्थाने न्यू जर्सीत नेऊन महिनोन् महिने तिचा गंज काढला. पण लोखंडच इतके विरलेले, की उभी करायची सोय नाही. कित्येक वर्षे तिला घर मिळेना. शेवटी २०१७ साली इलिनॉयमधल्या रॉस्को गावच्या एका संग्रहालयाने घेतली.

हे वाचून मी खो खो हसलो. शंभर डॉलरला चार टक्के चक्रवाढ धरली तर पन्नास वर्षांत सातशे दहा होतात. बँकेत ठेवलेले वाढले आणि पेटीत ठेवलेले कुजले! आणि त्या वर्षी विकल्या गेलेल्या, पावसात भिजलेल्या, खड्ड्यांतून गेलेल्या, दहा वेळा दुरुस्त केलेल्या किती तरी प्लिमथ अजून पळताहेत. जपलेली गेली, वापरलेली राहिली. टल्साकर मात्र हटले नाहीत. १९९८ साली त्यांनी आणखी एक प्लिमथ ठेवली आहे, २०४८ साली उघडायला. फक्त या वेळी जमिनीच्या वर. मी ही गोष्ट शाखेत सगळ्यांना हसत हसत सांगितली. अमेरिकन लोक किती भाबडे असतात वगैरे.

त्याच आठवड्यात मिस्त्री आला. जुन्या फियाटी दुरुस्त करणारा सांगली-मिरजेकडचा हा आता शेवटचाच म्हणतात. तोंडात पान, हातात टॉर्च. गाडीखाली झोपला, बोटाने खरवडले, स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो पत्र्यातून आरपार गेला. बाहेर येऊन पँट झटकत म्हणाला, "सायेब, ह्यो गंज पुराचा न्हाई."

"म्हणजे?"

"पुराचा गंज वरनं बसतोय, तांबडा, भुसभुशीत. हातानं निघतोय. ह्यो आतनं आलाय, पापुद्र्यावर पापुद्रा. ह्यो वीस वर्सांचा हाय. झाकून ठेवली हुती का?"

मी म्हणालो, "ताडपत्रीनं."

"मग बरोबर. ताडपत्री घाम धरती. पूर यायच्या आदीच ही गेल्ती सायेब. चालवली का न्हाई कुणी?"

त्याने ते काही टोचून बोलायचे म्हणून विचारले नव्हते. त्याला खरेच नवल वाटले होते. घरात गाडी आहे, माणूस धट्टाकट्टा आहे, आणि चालवली नाही?

त्या रात्री मला झोप आली नाही. अण्णांनी मला बारावीच्या सुट्टीत ती गाडी शिकवली होती. हरिपूरच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या चिंचांखालून. जाण्याआधी महिनाभर ते म्हणालेही होते, "आठवड्यातून एकदा तरी फिरवून आण रे तिला." मी हो म्हणालो होतो. मग ते गेले आणि मला तिच्यात बसवेना. स्टिअरिंगवर त्यांच्या हातांचा गुळगुळीतपणा होता. माझ्या हाताने तो जाईल असे मला वाटले. ही भावना खोटी नव्हती. पण त्या वेळी मी नुकताच बँकेत लागलो होतो, मला नवी मोटरसायकल घ्यायची होती आणि डुक्कर घेऊन निघालो तर मित्र हसतील असेही वाटत होते. हेही खोटे नव्हते. पहिली भावना मी वीस वर्षे सगळ्यांना सांगितली, दुसरी कोणालाच नाही. आणि वर पंचनाम्यात नदीचे नाव लिहून दिले.

आता त्या दोन गाड्या वेगळ्या दिसू लागल्या. बुगाटीचा गंज सरोवराचा. तो काचेच्या पलीकडे ठेवून बघण्यात काही आहे. आमच्या डुकराचा गंज माझा. तो तसाच ठेवून त्याला संवर्धन म्हणायचे, म्हणजे मी केलेल्या हयगयीला तिकीट लावण्यासारखे झाले असते. आणि दादाचे साडेसहा लाख? त्यात नवा सांगाडा आला असता, नवा पत्रा आला असता, आणि रंगाच्या तिसऱ्या हाताखाली माझे ते 'हो' कायमचे झाकले गेले असते. वरातीतल्या फोटोत सगळे म्हणाले असते, वडिलांची गाडी काय जपलीय! ते ऐकून घ्यायची माझी छाती नव्हती. रोखपालांचे जहाज इथे मला अपुरे वाटले. गाडी तीच आहे की नाही, एवढेच ते विचारते. कोणाच्या हाताने ती अशी झाली, हे त्या जहाजाला कोणी विचारतच नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी आईला सगळे सांगितले. पाच वर्षांत, खरे म्हणजे पंचवीस वर्षांत, या विषयावर आईला कोणी विचारले नव्हते. आई शेंगा फोडत होती.

"मला त्या गाडीत कायम मळमळायचं," ती म्हणाली.

"काय?"

"पेट्रोलच्या वासानं. वाडीला पोचेपर्यंत मी तोंडात लवंग धरून बसायचे. आणि बंद पडली की उतरून धक्का मारायचा कोणी? मी. ते स्टिअरिंगवर, तुम्ही पोरं आत. धक्का मारायला मी आणि आठवणी तुमच्या!"

मी गप्प. तिने दोन शेंगा फोडल्या.

"ज्याला चालवायचीय त्याला द्या रे. त्यांना उभी गाडी बघवत नसे."

चालवायची म्हटले तर चालण्यासारखे तिच्यात उरले तरी काय होते? मिस्त्रीला विचारले. मिरजेच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे तशीच डुक्कर फियाट आहे म्हणाला, चालू, कागदपत्रांनिशी. पण गिअरबॉक्स गेलेला, डावे दार ट्रकने उडवलेले, मीटर बंद. "तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स तेलात हुता म्हून वाचलाय. दारं बी तुमची वरच्या अंगाला बरी हायती, खालनं पट्टी मारतो." थोडक्यात, देहदान. ताईला हा शब्द सांगितला तेव्हा ती फोनवर रडली आणि मग हो म्हणाली. दादाला फोनवर 'मूळ भाग' हे शब्द दोनदा वापरून सांगितले. उरलेला सांगाडा भंगारवाल्याने साडेसात हजारांना नेला. मी पैसे मोजून घेतले आणि मग ते कुठल्या खात्यात टाकावेत ते कळेना. घसाऱ्याच्या हिशेबाने मला ७,४८९ रुपये ८५ पैसे नफा झाला होता.

गोठ्यात आता स्कूटरी असतात.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांचा फोन आला. गाडी सुरू झाली, चक्कर मारायला या. मी आईलाही चल म्हटले. "लवंग देतोस का?" म्हणाली आणि आली नाही. मिरजेला गेलो. गाडी हिरवी, तिचे डावे दार तेवढे आमच्या अण्णांच्या करड्या रंगाचे. रंग अजून द्यायचा आहे, डॉक्टर म्हणाले, हवामान कोरडे झाले की देऊ. मी म्हणालो, सावकाश द्या.

मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो. दार ओढले, लागले नाही. डॉक्टर वाकून म्हणाले, "जोरात आपटा हो. मिस्त्रीनं सगळं केलं, पण हे दार काही धड बसवलं नाही."

मी दार जरा वर उचलले आणि ओढले.

"अरेच्चा," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा दाखवा बरं."